दोकिदोकि ते मोयामोया: जपानी भावशब्द शिकण्याची मराठी वाट

‘काळजात धस्स झालं’, ‘सुटलो एकदाचे, हुश्श!’, ‘सकाळपासून नुसती चिडचिड होतेय’. ही वाक्यं बोलताना आपण कोश उघडत नाही. धस्स, हुश्श, चिडचिड हे शब्द अर्थाआधी कानाला कळतात. जपानी भाषेत अशा शब्दांचं रान माजलेलं आहे. शोगाकुकान प्रकाशनाने 2007 साली काढलेल्या कोशात असे 4,500 शब्द आहेत. ते सगळे कुणालाच लागत नाहीत. रोजच्या भावना सांगायला पंचवीस-तीस पुरतात आणि मराठी माणसाला त्यातले निम्मे सोपे जातात, कारण त्यांची घडण आपल्या ओळखीची आहे.

आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांना जपानीत गिओन्गो, प्राण्या-माणसांच्या आवाजांच्या शब्दांना गिसेइगो आणि स्थिती किंवा हालचाल दाखवणाऱ्या शब्दांना गिताइगो म्हणतात. मनाची अवस्था सांगणाऱ्या शब्दांसाठी भाषातज्ज्ञ किन्दाइचि हारुहिको यांनी 1978 साली केलेल्या वर्गीकरणात गिजोऽगो हा वेगळा कप्पा आहे. आपलं काम ह्या कप्प्याशी. बोलताना मात्र जपानी लोक सरसकट ‘ओनोमातोपे’ म्हणतात. वर्गात तोच शब्द कानावर पडेल.

पहिली पायरी: तोंड बसवा

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाकडं होतं. जपानी उच्चार मात्रांवर चालतो, आणि मात्रा म्हणजे काय हे वृत्त-छंद शिकलेल्याला सांगायला नको. दोकिदोकि (छातीतली धडधड) ह्यात चार मात्रा आहेत: दो, कि, दो, कि. चारही सारख्या लांबीच्या. चार टाळ्या वाजवत म्हणा.

मराठी जिभेकडून होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, शब्दाच्या शेवटी येणारा इ-उ आपण सवयीने दीर्घ करतो. ‘दोकिदोकी’, ‘वाकुवाकू’ असं होऊन बसतं आणि पाचवी मात्रा आगंतुकासारखी घुसते. म्हणूनच ह्या लेखात शुद्धलेखनाचा नियम मोडून शेवटचे इ-उ मुद्दाम ऱ्हस्व लिहिले आहेत. दुसरी चूक काना पाहून आ ओढण्याची. ‘इराइरा’मधला रा एकाच मात्रेचा आहे, ‘घरा’सारखा लांबवू नका. जिथे स्वर खरोखरच लांब आहे तिथे खाली ऽ चिन्ह दिलं आहे. लांबीने फरक पडतो का? पडतो. ‘दोऽकि’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला हेतू, बरोबर रुजू झालेला सहकारी किंवा डॉक्टरांच्या भाषेतली छातीची धडधड ह्यांपैकी काहीही वाटू शकतं.

जोडाक्षरातही मात्रा लपलेली असते. होत्तो (हुश्श) हा तीन मात्रांचा शब्द: हो, एक टाळीभर थांबा, तो. उन्जारि (वीट येणं) चार मात्रांचा: उ, न्, जा, रि. ‘न्’ला स्वतःची टाळी मिळायलाच हवी.

दोन ठिकाणी मात्र मराठी माणूस फायद्यात आहे. आपल्याकडे ‘जागा’तला ज आणि ‘जीव’तला ज हे वेगळे आहेत, जपानीतही आहेत. उन्जारि आणि जोत्तो (अंगावर सर्रकन काटा येणं) ह्यांत ‘जागा’तला ज; मोजिमोजि (लाजून चुळबुळ) ह्यात ‘जीव’तला ज. ‘चूक’मधला च जमत असेल तर जपानी ‘त्सु’ही जवळपास जमलाच, फक्त ऊ आखूड करा.

सुराबद्दल एवढंच लक्षात ठेवा: तोक्योच्या बोलीत अशा दुहेरी शब्दाची पहिली मात्रा उंच आणि उरलेल्या तीन खाली. जोर द्यायचा नाही, फक्त सूर चढवायचा. शिकुशिकु (मुसमुसणं) ह्यातला शि जवळजवळ कुजबुजल्यासारखा येतो, ‘श्कुश्कु’ ऐकू आलं तर दचकू नका.

दुसरी पायरी: शब्दाचा साचा ओळखा

सगळ्यात कामाची पायरी हीच. मराठीत ‘धडधड’ चालू राहते, ‘धस्सकन’ एकदाच होतं. ‘खुदुखुदु’ हसणं बराच वेळ, ‘खुदकन’ क्षणभर. जपानीतही नेमकं हेच गणित आहे. मूळ धातू बहुधा दोन मात्रांचा असतो आणि त्याला वेगवेगळे साज चढतात.

दोनदा म्हटला की चालू अवस्था: दोकिदोकि, छाती धडधडते आहे. शेवटी अडकवून ‘तो’ लावला की एक क्षण: दोकित्तो, ठोका चुकला. त्याच चालीवर बिकुबिकु म्हणजे सारखं भेदरलेलं असणं आणि बिकुत्तो म्हणजे एकदाच दचकणं. कुसुकुसु खुदुखुदु, तर कुसुत्तो खुदकन. आपलं ‘कन’ म्हणजे त्यांचं ‘त्तो’, एवढं सूत्र पाठ केलंत तरी अनोळखी शब्दाचा निम्मा अर्थ लागतो.

तिसरा साज ‘रि’चा: बिक्कुरि (आश्चर्याचा धक्का), गाक्कारि (हिरमोड), शोन्बोरि (मान खाली घालून खट्टू), उत्तोरि (सौंदर्याने भान हरपणं), सुक्किरि (मन मोकळं, हलकं). ह्यात भावना पूर्ण झाल्याचा, बसल्याचा भाव असतो. चौथा ‘न्’चा, घुमणारा: जीन्तो म्हणजे गहिवर, क्युन्तो म्हणजे गोड कळ.

बहुतेक जपानी शब्द जसेच्या तसे दुहेरी होतात. आपल्यासारखे दुसऱ्या भागात रूप बदलणारे, म्हणजे धाकधूक, चुळबुळ, धुसफूस ह्या जातीचे, थोडेच आहेत. दोन लक्षात ठेवण्याजोगे: दोगिमागि (अचानक प्रश्न आला आणि त्रेधा उडाली) आणि याकिमोकि (वाट पाहताना जिवाची घालमेल).

अक्षर जड झालं की भावनाही जड होते. डोळ्यांतल्या पाण्यासाठी होरोहोरो म्हणजे हळुवार ओघळणं, पोरोपोरो म्हणजे टपटप थेंब, बोरोबोरो म्हणजे घळाघळा. ह, प, ब अशी चढती भाजणी. हा नियम प्रत्येक जोडीला लावायला जाऊ नका. हाराहारा म्हणजे जीव टांगणीला लागणं आणि बाराबारा म्हणजे विखुरलेलं. त्यांच्यात भावनेचं नातं काही उरलेलं नाही.

तिसरी पायरी: वाक्यात बसवा

हे शब्द एकटे फिरत नाहीत, त्यांना ‘सुरु’ (करणे) लागतं. मराठीतला सुरू नव्हे, दोन्ही उ ऱ्हस्व. मराठीत आपण ‘चिडचिड होते’, ‘चिडचिड करतो’, ‘हुरहूर वाटते’ असं तीन क्रियापदांत वाटून घेतो. जपानीत तिन्हींचं काम सुरु करतं. ‘होते’ हे डोक्यात ठेवून ‘दोकिदोकि नि नारु’ म्हणणं ही आपली हमखास चूक आहे. ‘दोकिदोकि सुरु’ हेच बरोबर.

आत्ता मला होतंय: ‘र्योकोऽ गा तानोशिमि दे वाकुवाकु सुरु.’ सहलीची ओढ लागलीय, मन उसळतंय.

दुसऱ्याला होतंय: इथे ‘शिते इरु’ लागतं. ‘बुचोऽ वा आसा कारा इराइरा शिते इमासु’ म्हणजे विभागप्रमुख सकाळपासून चिडचिडलेले आहेत. हेच आळशीपणाने ‘आनो हितो वा इराइरा सुरु’ म्हटलंत तर अर्थ उलटून ‘त्या माणसामुळे मला चीड येते’ असा निघू शकतो. ज्याची काळजी वाटून बोललात त्याचीच निंदा केल्यासारखं होतं, आणि समोरचा सभ्यपणे गप्प राहिल्याने चूक कळतही नाही.

धक्का नुकताच बसला: भूतकाळ. फटाका वाजला की ‘बिक्कुरि शिता!’, आपण ‘केवढ्याने दचकले!’ म्हणतो तसं. पाकीट सापडलं की ‘होत्तो शिता’. ‘होत्तो सुरु’ म्हटलंत तर पाकीट सापडल्याची बातमी न राहता ‘अशा वेळी हायसं वाटतं’ असं सर्वसाधारण विधान होतं.

आतून काही उचंबळून आलं: इथे सुरुऐवजी ‘कुरु’, म्हणजे येणे. ‘जीन्तो किता’ म्हणजे गहिवरून आलं. ‘काचिन्तो किता’ म्हणजे बोलणं टाळक्यात गेलं, सणक आली. मराठीतही भरून ‘येतं’, सणक ‘येते’, त्यामुळे हा साचा शिकवावा लागत नाही.

हसणं-रडणं: क्रियापद खरंखुरं असतं आणि शब्द क्रियाविशेषण होऊन पुढे येतो. ‘निकोनिको वारौ’ (हसरा चेहरा), ‘गेरागेरा वारौ’ (खोखो), ‘मेसोमेसो नाकु’ (मुळूमुळू रडणं).

थोड्या शब्दांना ‘नि’ आणि ‘दा’ लागतात, कारण ते परिणामाची अवस्था सांगतात: ‘ओतोऽसान वा कान्कान नि ओकोत्ते इरु’, बाबा संतापून लाल झालेत. ‘हेतोहेतो दा’, पार गळून गेलो. ह्या वेळी सूरही सपाट होतो, पहिली मात्रा उंच राहत नाही.

चौथी पायरी: जवळचे शब्द वेगळे करा

कोशात दोकिदोकि, हाराहारा, हियाहिया, बिकुबिकु ह्या सगळ्यांसमोर ‘अस्वस्थ, घाबरलेला’ असं काहीतरी दिलेलं असतं. तिथेच शिकणारा फसतो. भावनेचं नाव बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा: ती शरीरात कुठे आहे, कारण कुठे आहे, मी करतोय की पाहतोय?

दोकिदोकि छातीत. कारण बरं-वाईट कसंही असो. मुलाखत, प्रेम, जिना चढणं, सगळं चालतं. हाराहारा बहुधा बघणाऱ्याची: लहान मूल शिडीवर चढलंय आणि तुम्ही खाली उभे आहात. ‘मिते इते हाराहारा शिता’, बघूनच जीव वरखाली झाला. चुरशीच्या सामन्याला दोन्ही जोडून ‘हाराहारा दोकिदोकि’ म्हणतात. हियाहिया हा थंड शब्द, हिएरु म्हणजे गार पडणं ह्याच्या घरातला. काहीतरी उघडकीला येईल किंवा थोडक्यात अनर्थ होईल ही धास्ती: ‘उसो गा बारेनाइ का तो हियाहिया शिता’, थाप पकडली जाते की काय म्हणून धाकधूक. जपानी कारखान्यांत आणि रुग्णालयांत थोडक्यात टळलेल्या अपघाताला ‘हियारि-हात्तो’ म्हणतात: अंग गार पडलं आणि एकदम भानावर आलो. जपानी कंपनीत रुजू होणाऱ्याच्या हातात हा शब्द सुरक्षेच्या पहिल्याच प्रशिक्षणात येण्याची शक्यता मोठी. बिकुबिकुमध्ये अंग आक्रसलेलं असतं. मार, ओरडा किंवा भुंकणारा कुत्रा कधी येईल सांगता येत नाही, अशी भीती. सोवासोवामध्ये भीती असायलाच हवी असं नाही, पाय एका जागी ठरत नाहीत इतकंच. निकालाच्या सकाळी घड्याळ बघत येरझाऱ्या घालणारा सोवासोवा असतो.

आनंदाकडे वाकुवाकु आणि उकिउकि ह्यांची गल्लत होते. वाकुवाकु पुढे होणाऱ्या गोष्टीसाठी. वर उसळून येणं, उकळणं अशा अर्थाच्या ‘वाकु’ क्रियापदाशी त्याचं नातं आहे. मराठीत मनात खदखदतो तो बहुतेक वेळा राग, जपानीत आनंद उकळतो, हा फरक एकदा लक्षात आला की शब्द विसरत नाही. उकिउकि तरंगण्यातून आला. तो चालण्या-बोलण्यात दिसतो, म्हणून दुसऱ्याबद्दल बोलायला सोयीचा. झालेल्या आनंदाला वाकुवाकु लावू नका. सहल संपल्यावर ‘काल मजा आली’ ह्या अर्थी तो चालत नाही.

रागाची उतरंड अशी लावा. मुत्तो सुरु: क्षणभर तोंड वाकडं झालं, बोललो नाही. इराइरा: अडथळा येतोय, काम पुढे सरकत नाही, आत काटे टोचतायत, ‘इरा’ म्हणजे काटाच. मराठी ‘चिडचिड करणं’ लोकांना ऐकू येतं, इराइरा मनातल्या मनातही राहू शकतं, म्हणून त्याला ‘चिडचिड होणं’ जास्त जवळचं. मुकामुका: पोटातून वर चढणारा राग, आणि हाच शब्द मळमळीलाही. आपल्याकडेही माणूस ‘मनातली मळमळ’ ओकतोच. पुन्पुन: गाल फुगवून रुसल्याचा राग, थोडा लडिवाळ, स्वतःच्या गंभीर तक्रारीला वापरलात तर समोरचा हसेल. कान्कान सगळ्यात वर.

ह्यातल्या काहींना ‘त्सुकु’ जोडून क्रियापद होतं: इरात्सुकु, मुकात्सुकु. मुकात्सुकु तरुण मुलांच्या तोंडी सारखा ऐकू येईल. आपल्या ‘डोक्यात जातो’सारखा तो रांगडा आहे, शिक्षकांसमोर नको.

मोयामोया हा शब्द एकदा हाताशी आला की सुटत नाही. मोया म्हणजे विरळ धुकं. भांडण मिटलंय पण काहीतरी बोचतंय, काय ते सांगता येत नाही, तेव्हा ‘मोयामोया सुरु’. रुखरुख जवळची आहे, पण रुखरुखीचं कारण ठाऊक असतं, मोयामोयात बहुधा तेच नीट सापडत नसतं. बोलून टाकल्यावर जे वाटतं ते सुक्किरि. कुयोकुयो वेगळं: झालेली गोष्ट उगाळत, मनाला लावून घेत बसणं. ते बहुतेक वेळा नकारात येतं, ‘कुयोकुयो शिनाइदे’, अहो सोडून द्या आता.

हसण्यात एक खड्डा आहे. निकोनिको प्रसन्न आणि नियानिया स्वतःशीच, काहीसं छद्मी. वर्गमित्राच्या फोटोखाली चुकून नियानिया लिहिलंत तर तो कौतुक समजणार नाही.

आणि हुरहूर? तिला जपानी दुहेरी शब्दात अचूक जोड मिळत नाही. ‘सेत्सुनाइ’ हे साधं विशेषण तिथे वापरतात. ओढूनताणून जोडी लावण्यापेक्षा जागा रिकामी सोडलेली बरी.

पाचवी पायरी: तीन आठवड्यांचा सराव

आठवड्याला सात शब्द, दिवसाला पंधरा मिनिटं. ह्याहून जास्त घेतले तर एकसारख्या ध्वनीचे शब्द एकमेकांत मिसळतात. पहिल्या आठवड्यात दोकिदोकि, वाकुवाकु, इराइरा, बिक्कुरि, होत्तो, गाक्कारि, निकोनिको. दुसऱ्यात हाराहारा, हियाहिया, सोवासोवा, मोयामोया, सुक्किरि, मुकामुका, उन्जारि. तिसऱ्यात उरलेल्यांतून तुमच्या दिवसाला लागणारे सात. हियाहिया आणि हाराहारा एकाच दिवशी शिकू नका, मध्ये दोन दिवस जाऊ द्या.

प्रत्येक शब्दाला एक कार्ड. पुढच्या बाजूला फक्त प्रसंग, मराठीत: ‘लिफ्ट बंद पडली, मीटिंगला पाच मिनिटं’. मागे शब्द, शरीरातली जागा, क्षणाचा की चालू, स्वतःचा की दिसणारा, आणि सुरु-कुरु-दा ह्यांपैकी काय लागतं. पुढे मराठी अर्थशब्द लिहिलात तर ‘चिडचिड बरोबर इराइरा’ असं भाषांतर डोक्यात पक्कं होतं आणि ऐन वेळी आधी मराठी आठवतं. प्रसंग बघून शब्द यायला हवा.

रात्री तीन ओळींची नोंद: काय झालं, काय वाटलं, आता काय. मधली ओळ शिकलेल्या शब्दाची.

शंका आली की शब्द खऱ्या वाक्यांत बघा. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने सुमारे 10 कोटी शब्दांचा लेखनसंग्रह केला आहे, आणि तो ‘शोऽनागोन’ नावाच्या शोधपानावर मोफत चाळता येतो. शब्द टाकल्यावर पहिल्या वीस वाक्यांत त्याच्यामागे काय येतं ते मोजा. एकच शब्द दोन्ही लिप्यांत शोधावा लागतो, कारण हे शब्द हिरागानातही लिहितात आणि काताकानातही. काताकाना ठसठशीत दिसते, जाहिराती आणि चित्रकथांना आवडते. हिरागाना मऊ वाटते. परीक्षेत दोन्हीपैकी काहीही समोर येऊ शकतं.

कुठे वापरू नये

मित्र, घर, शेजार, अनौपचारिक संदेश, तिथे मोकळेपणाने वापरा. डॉक्टरांकडे तर वापराच, ‘मुकामुका शिमासु’ म्हटल्यावर मळमळ लगेच कळते. ग्राहकाला किंवा वरिष्ठाला लिहिताना मात्र हे शब्द पोरकट दिसतात. ‘वाकुवाकु शिते इमासु’ऐवजी ‘तानोशिमि नि शिते ओरिमासु’, बिक्कुरिऐवजी ‘ओदोरोकिमाशिता’, होत्तोऐवजी ‘आन्शिन इताशिमाशिता’. मुलाखतीच्या खोलीत दोकिदोकि मनात ठेवा आणि तोंडाने ‘किन्चोऽ शिते ओरिमासु’ म्हणा.

गाक्कारिबद्दल जास्त जपा. ‘गाक्कारि शिमाशिता’ वरिष्ठाला म्हटलं तर ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती’ असा दोषारोप ऐकू येतो. बैठक रद्द झाल्याचं वाईट वाटलं एवढंच सांगायचं असेल तर ‘जान्नेन देसु’ पुरेसं आहे. ह्यातला पहिला ज ‘जागा’तला.